पाऊस पडला की सकाळी बंद: निम्मा मालकाने स्वतः बसवलेल्या सौर संचाचं एक प्रकरण

तक्रार एका ओळीची होती. रात्री पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी इन्व्हर्टर (पॅनेलांची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारं यंत्र) सुरू होत नाही, पडद्यावर इन्सुलेशनचा दोष, म्हणजे जमिनीकडे वीज गळत असल्याची खूण, दाखवतो आणि साडेदहा-अकराला ऊन चढलं की आपोआप चालू होतो. कोरड्या दिवशी काही त्रास नाही. संच बसवून चार महिने झाले होते आणि त्यातले पहिले तीन कोरडे गेले. त्यामुळे दोष पहिल्या दिवसापासून होता की नंतर आला, हे कळायला मार्ग नव्हता.

संच ३.२४ किलोवॅटचा, ग्रिडला जोडलेला, बॅटरी नाही. काम वाटून घेतलेलं. सांगाडा उभा करणं, पॅनेलं चढवून आवळणं आणि पॅनेलं एकमेकांना जोडणं घरमालकाने केलं. गच्चीवरून खाली उतरणारी डीसी केबल, इन्व्हर्टर, एसीची बाजू, अर्थिंग आणि वीज कंपनीची मंजुरी हे सगळं परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडे होतं. ही वाटणी चांगलीच आहे. ज्यात अंगमेहनत आणि मापं जास्त ते मालकाने करावं, ज्यात चुकीला क्षमा नाही ते परवानाधारकाने. अडचण अशी की या दोन यादींच्या मधोमध एक पाच मीटरची केबल होती आणि ती कुणाच्याच यादीत नव्हती.

ती केबल का लागली

घराचा वापर महिन्याला सुमारे ३६० युनिट, म्हणजे दिवसाला १२. चांगल्या उन्हाच्या प्रदेशात एक किलोवॅट पॅनेलांमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरतात, म्हणून ३ किलोवॅटच्या आसपासचा संच. ५४० वॅटची सहा पॅनेलं ठरली. एका पॅनेलचं माप २२७८ × ११३४ मिलिमीटर, वजन २८ किलोच्या आसपास. उभी ठेवून एका ओळीत लावली तर ओळ ७ मीटरची होते. गच्ची १२ मीटर लांब, ७.५ मीटर रुंद, लांब बाजू विषुववृत्ताकडे. कागदावर सगळं बसत होतं.

गच्चीच्या मध्यापासून थोडी पश्चिमेला पाण्याची टाकी होती, स्लॅबपासून १.८ मीटर उंच, १.१ मीटर व्यासाची. ती हलवायची तर खालच्या तुळयांचा विचार करावा लागला असता, म्हणून ती तिथेच ठेवली. पॅनेलची खालची कड स्लॅबपासून ०.६ मीटरवर आणि कल १५ अंश ठेवला, तर वरची कड १.१९ मीटरवर येते. म्हणजे टाकी पॅनेलच्या खालच्या कडेपेक्षा १.२ मीटर आणि वरच्या कडेपेक्षा ०.६ मीटर उंच. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना सावली उंचीच्या १.७ पट पडते. मधली उंची ०.९ मीटर धरली तर दीड मीटरहून थोडी जास्त. त्या हिशोबाने टाकीच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर मोकळं सोडलं, पश्चिमेला २ पॅनेलं बसली आणि पूर्वेला ४. दोन्ही गटांमध्ये ४.१ मीटरची खिंड राहिली.

इथवरचा निर्णय बरोबर होता. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडलेली सावली किरकोळ वाटते, पण उभ्या लावलेल्या अर्धसेल (सेल अर्धे कापून वर-खाली दोन भागांत जोडलेल्या) पॅनेलच्या खालच्या कडेवर आडवी सावली आली तर त्या पॅनेलचा खालचा अर्धा भाग जवळजवळ निकामी होतो. पॅनेलमधले तीन बायपास डायोड, सावलीतल्या सेलना वळसा घालून प्रवाह नेणारे, नुकसान आवरतात, ते भरून काढत नाहीत. खिंड सोडण्याला स्वस्त पर्याय नव्हता.

दोन गट झाल्यावर पुढचा प्रश्न आपोआप येतो. इन्व्हर्टरला दोन स्वतंत्र इनपुट असतील तर २ पॅनेलं एकावर आणि ४ दुसऱ्यावर का लावू नयेत? उत्तर व्होल्टेजमध्ये आहे. या पॅनेलचं चालू स्थितीतलं व्होल्टेज प्रमाण तापमानाला, म्हणजे २५ अंशांना, ४१.६ व्होल्ट. उन्हात सेल ७० अंशांपर्यंत तापतो आणि दर अंशामागे सुमारे ०.३५ टक्के घट धरली तर ते ३५ व्होल्टवर येतं. दोन पॅनेलांचे ७० व्होल्ट झाले. इन्व्हर्टरला काम करायला किमान ८० लागतात, सुरू व्हायला १००. दोन पॅनेलांची माळ, म्हणजे एकापुढे एक जोडलेली पॅनेलं, भर दुपारी झोपून राहिली असती. म्हणून सहाही पॅनेलं एकाच माळेत घेणं भाग होतं. उन्हात २१० व्होल्ट, आणि थंड पहाटे ८ अंशांना, भार नसताना, ३११ व्होल्ट. इन्व्हर्टरची कमाल मर्यादा ६०० होती, त्यामुळे वरच्या बाजूची चिंता नाही.

जाता जाता एक बाब: या मापाच्या पॅनेलांचा प्रवाह १३ अँपिअरपर्यंत जातो आणि काही जुन्या नमुन्यांचे इन्व्हर्टर प्रत्येक इनपुटला ११ किंवा १२.५ अँपिअरच घेतात. यंत्र जळत नाही, वरचा प्रवाह गुपचूप कापला जातो आणि मालकाला कधी कळतही नाही. या घरी सुचवलेला पहिला इन्व्हर्टर याच कारणाने नाकारला गेला.

तर माळ एक, गट दोन, मध्ये ४.१ मीटर. पॅनेलला कारखान्यातून येणारी तार साधारण सव्वा मीटरची असते, ती शेजारच्या पॅनेलपर्यंत पुरते, खिंडीपलीकडे नाही. म्हणून दुसऱ्या पॅनेलपासून तिसऱ्यापर्यंत पाच मीटरची जोड केबल टाकावी लागली, दोन्ही टोकांना जागेवर बनवलेले जोड, म्हणजे एकमेकांत खोचायचे कनेक्टर. सहा पॅनेलं सलग असती तर ही केबल अस्तित्वातच नसती.

सांगाडा: मालकाच्या हातचा भाग

मालकाने केलेल्या कामातला मोठा भाग सांगाड्याचा, आणि तो बहुतांशी नीट झाला होता. चार पॅनेलांच्या गटाला ४.७ मीटरच्या दोन रेल, दोनाच्या गटाला २.४ मीटरच्या दोन. मधले क्लॅम्प ८, टोकाचे ८. एकच ओळ असती तर १० आणि ४ लागले असते. दोन गट करताना टोकाच्या क्लॅम्पची संख्या दुप्पट होते, हे खरेदीच्या वेळी बहुतेकांच्या लक्षात येत नाही आणि काम ऐन मध्यावर अडतं.

क्लॅम्प पॅनेलच्या लांब कडेवर कुठे धरायचा याची पट्टी निर्मात्याने ठरवलेली असते, या आकाराला कोपऱ्यापासून साधारण ४०० ते ५५० मिलिमीटर. त्याबाहेर धरलं तर वाऱ्यात पॅनेल वाकतं आणि काच शाबूत राहूनही आतल्या सेलना तडे जातात. बोल्ट टॉर्क पान्याने, पत्रकात सांगितलेल्या मापाइतकेच आवळावेत. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर जोरात फिरवला तर आटे एकमेकांत अडकून बसतात, मग तो ना पुढे जातो ना मागे, कापावाच लागतो. आट्यांना आधी अँटी-सीझ पेस्टचं बोट लावलं की हा प्रकार टळतो. गॅल्व्हनाइज्ड पट्ट्या जिथे कापल्या तिथे जस्ताचा रंग द्यायचा. तो इथे चार ठिकाणी राहून गेला होता आणि चार महिन्यांत तांबूस ओघळ दिसायला लागले होते.

मालकाचा अंदाज फक्त वजनात चुकला होता, आणि तो इलेक्ट्रिशियनने नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरने वेळेत पकडला. स्लॅबला भोकं पाडायची नाहीत, वॉटरप्रूफिंग फुटतं, हा विचार योग्य होता. त्यासाठी पायांखाली ४० × ४० × ३० सेंटिमीटरचे काँक्रीटचे १० ठोकळे धरले होते, प्रत्येकी सुमारे ११५ किलो. एकूण ११५० किलो ऐकायला भरपूर वाटतं. पण ताशी १४४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ४० मीटर वाऱ्याचा दाब ०.६ × ४० × ४०, म्हणजे चौरस मीटरला ९६० न्यूटन. पॅनेलांचं क्षेत्रफळ १५.५ चौरस मीटर, त्यामुळे आकाराचे गुणक लावायच्या आधीच उचल दीड टनाच्या घरात जाते. ठोकळे ४५ × ४५ × ४० चे करावे लागले, प्रत्येकी १९५ किलोच्या आसपास. इतकं वजन नुसत्या स्लॅबच्या मध्यावर ठेवणंही चूक, म्हणून इंजिनिअरने प्रत्येक ठोकळ्याची जागा खालच्या तुळईवर आखून दिली. हा एक तासाचा सल्ला कुणीही वगळू नये. गच्चीवर उडालेलं पॅनेल शेजारच्याच्या अंगणात पडतं.

दोष कसा शोधला

पहिल्या भेटीत इलेक्ट्रिशियनने इन्व्हर्टर बंद-चालू केला, दुपार होती, तो चालला. दुसऱ्या भेटीत इन्व्हर्टरच खराब असावा असं मत झालं. दरम्यान मालकाला दोन सल्ले मिळाले होते: इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये इन्सुलेशनची मर्यादा खाली आणा, किंवा सांगाड्याची अर्थिंगची तार काढून बघा, दोष नाहीसा होतो. दुसरा सल्ला ‘लागू’ पडतो हे खरं आहे, आणि म्हणूनच तो घातक आहे. गळती तशीच राहते. फक्त तिला जमिनीत जायची वाट उरत नाही, आणि सांगाड्याला हात लावणारा माणूस ती वाट होतो.

इन्व्हर्टर काय तपासतो ते समजलं की तक्रारीतूनच अर्धं निदान निघतं. ट्रान्सफॉर्मर नसलेला इन्व्हर्टर दररोज सकाळी ग्रिडला जोडण्यापूर्वी डीसी तारा आणि जमीन यांच्यातला रोध मोजतो. तो ठरलेल्या मर्यादेखाली असेल तर जोडणीच करत नाही. एकदा जोडला गेला की दिवसभर तो गळतीच्या प्रवाहावर लक्ष ठेवतो, पण त्याची मर्यादा बरीच सैल असते. मालकाला विचारलं, दुपारी पाऊस आला तर संच बंद पडतो का? नाही पडत. म्हणजे गळती काही मिलिअँपिअरचीच, पाण्यावाटे होणारी, आणि ऊन लागलं की वाळणारी. इन्व्हर्टरचा यात दोष नाही, तो आपलं काम चोख करत होता. अशा दोषाची मोजणी पावसानंतरच्या ओल्या सकाळीच करावी लागते. कोरड्या दुपारी आलेल्या माणसाला काहीच सापडणार नाही, मग तो कितीही जाणकार असो.

मोजणी पुढच्या पावसानंतर सकाळी आठला झाली. आधी एसीचा ब्रेकर बंद, मग डीसी आयसोलेटर (माळ इन्व्हर्टरपासून तोडणारा स्विच) बंद, इन्व्हर्टरमधले कपॅसिटर रिकामे व्हायला पुस्तिकेत सांगितलेली मिनिटं थांबणं, डीसी क्लॅम्प मीटरने प्रवाह शून्य असल्याची खात्री, आणि मगच इन्व्हर्टरजवळचे दोन्ही जोड सोडवणं. हा क्रम उलटा करायचा नाही. भार चालू असताना डीसी जोड ओढला तर ठिणगीची कमान तयार होते, आणि एसीसारखी ती दर अर्ध्या आवर्तनाला शून्यावर येऊन विझत नाही, ती जळत राहते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: आयसोलेटर बंद केला तरी गच्चीपासून आयसोलेटरपर्यंतची माळ उजेड आहे तोवर जिवंतच असते. पॅनेलला बटण नाही.

आता माळ मोकळी, कशालाच न जोडलेली. हजार व्होल्ट डीसी झेपणारा मल्टिमीटर घेऊन तीन मापं घेतली. अधिक ते उणे: २९४ व्होल्ट. म्हणजे पॅनेलमागे ४९, सहाही पॅनेलं ठीक. अधिक ते अर्थ: १९६ व्होल्ट. उणे ते अर्थ: वजा ९८ व्होल्ट.

माळ निर्दोष असती तर पुढची दोन मापं टिकलीच नसती. मीटर लावताक्षणी काहीतरी आकडा दिसतो आणि तो घसरत शून्याकडे जातो, कारण माळेचा जमिनीशी संबंधच नसतो. इथे दोन्ही आकडे ठाम उभे होते आणि चिन्ह सोडून त्यांची बेरीज बरोबर २९४. याचा अर्थ माळ एकाच जागी जमिनीला टेकलेली आहे, आणि ती जागाही आकड्यातच आहे: ९८ भागिले ४९, म्हणजे २. उणे टोकापासून दोन पॅनेलं मोजा, त्यांच्या पुढे आणि तिसऱ्याच्या आधी गळती आहे. उत्तर अपूर्णांकात आलं असतं, समजा १.६, तर दुसऱ्या पॅनेलच्या आतच बिघाड आहे असा संशय घ्यावा लागला असता. बेरीज एकूण व्होल्टेजपेक्षा बरीच कमी आली असती तर गळती फार बारीक, मीटरच्या स्वतःच्या रोधाच्या पंगतीतली. दोन ठिकाणी गळती असेल तर ही पद्धत मधलंच कुठलं तरी ठिकाण दाखवून फसवते. तेव्हा माळ मध्ये तोडून अर्धी-अर्धी तपासायची.

इथे एक क्षुल्लक वाटणारी अडचण आली. उणे टोक कुठल्या बाजूला? माळेचा नकाशा कुणी काढलेला नव्हता. पॅनेलांखाली वाकून तारा मागे घेत शोधल्यावर कळलं की उणे टोक पश्चिमेला आहे. म्हणजे पश्चिमेची दोन पॅनेलं पहिली आणि दुसरी, आणि त्यापुढे ती खिंड ओलांडणारी केबल.

आकडा इथवरच आणतो. दुसऱ्या पॅनेलचा जोड, केबल स्वतः आणि तिसऱ्या पॅनेलचा जोड, या तिन्हीचं व्होल्टेज एकच असल्यामुळे मीटरला त्यांच्यातला फरक कळत नाही. म्हणून एक माणूस खाली मीटरपाशी थांबला, उणे आणि अर्थ यांच्यावर टोकं धरून, आणि दुसऱ्याने गच्चीवर कोरड्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्याने आधी पूर्वेकडचा जोड उचलला. फोनवर विचारणा: काही बदल? नाही, ९८. मग पश्चिमेकडचा. तो टाकीच्या उतारावर, पाणी जायच्या उथळ पन्हाळीत पडलेला होता, बोटभर पाण्यात. पाण्याबाहेर काढून रेलवर टेकवला तेव्हा थेंब गळत होते आणि आकडा ९० च्या आसपास रेंगाळला. मिनिटाभरात थेंब थांबले तसा तो घसरायला लागला, ६०, ३५, १२, आणि शून्याजवळ जाऊन बसला.

जोड उघडल्यावर

माळेत एकूण दहा जोड्या होत्या: गटांच्या आत चार, जोड केबलच्या दोन, गच्चीवर घरात उतरणाऱ्या केबलच्या दोन आणि इन्व्हर्टरपाशी दोन. पॅनेलांच्या तारांवरचे भाग कारखान्यातले. जागेवर बनवलेले भाग सहा, त्यातले चार इलेक्ट्रिशियनने क्रिम्पिंग पक्कडीने (तारेवर पिन दाबून बसवायच्या खास पक्कडीने) केलेले आणि दोन, जोड केबलचे, मालकाने साध्या पक्कडीने दाबलेले. कारण पॅनेलं जोडायची त्या दिवशी इलेक्ट्रिशियन यायचा नव्हता आणि एवढ्याशा केबलसाठी थांबायचं कशाला, असा हिशोब.

उघडलेल्या जोडात तीन चुका एकावर एक होत्या. मागचा नट हाताने फिरवून सोडला होता, पान्याने आवळला नव्हता. तो आवळला जातो तेव्हाच आतली रबराची बांगडी तारेभोवती दाबली जाते आणि पाणी अडतं. इथे ती नुसती तारेवर बसली होती. दुसरं, पिन. व्यवस्थित क्रिम्प केलेल्या पिनेत धातूच्या दोन्ही पाकळ्या तारेवर सारख्या वळून आत शिरतात आणि तारांचा गठ्ठा घट्ट एकजीव दिसतो. इथे पाकळ्या चपट्या झाल्या होत्या, एक दुसऱ्यावर चढलेली, आणि बाजूने चार-पाच सुटे तंतू बाहेर. तंतूंवरची कथिलाची चमक गेलेली, रंग काळपट. ओढून पाहिलं तर तार पिनेतून चक्क सरकली. तिसरं, जोडाचा हा भाग पॅनेलच्या तारेवरच्या भागापेक्षा वेगळ्या बनावटीचा होता. पाकिटावर ‘एमसी-४ ला (सौर जोडांच्या प्रचलित प्रकाराला) चालणारा’ अशा अर्थाचं लिहिलेलं असतं, दोन्ही टोकं खट् आवाज करून बसतातही. पण संपर्काच्या पट्ट्या आणि रबराचं माप एकमेकांसाठी बनवलेलं नसतं. आयईसी ६२५४८ या आंतरराष्ट्रीय मानकात एकमेकांत बसणारे दोन्ही भाग एकाच निर्मात्याचे आणि एकाच प्रकारचे हवेत असं म्हटलं आहे, त्याला कारण आहे.

पाण्याने हा जोड पकडून दिला हे या घराचं नशीब म्हणायचं. चांगल्या जोडाचा रोध अर्ध्या मिलिओहमच्या आत असतो आणि १३ अँपिअरला तिथे वॉटचा दहावा भागही उष्णता होत नाही. सैल पिनेचा रोध ५० मिलिओहमवर गेला की १३ × १३ × ०.०५, म्हणजे साडेआठ वॉट, बोटाएवढ्या प्लास्टिकच्या डबीत, रोज दुपारी काही तास. नटही नीट आवळलेला असता तर गळती झाली नसती, इन्व्हर्टर कुरकुरला नसता, आणि डबी एक दिवस वितळली असती. आत पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी व्हायला सुरुवात झालेलीच होती.

पूर्वेकडचा जोडही उघडला. कोरडा होता, कारण तो पॅनेलखाली रेलला बांधलेला होता, पण पिन तशीच चपटी.

फट नेमकी कुठे होती

यादीत मालकाकडे ‘पॅनेलं आणि सांगाडा’ असं लिहिलं होतं, इलेक्ट्रिशियनकडे ‘गच्चीपासून खालची वायरिंग’. जोड केबल ही पॅनेलांमधली, म्हणून मालकाची. ती वायरिंगही आहे, म्हणून इलेक्ट्रिशियनची. दोघांनाही ती दुसऱ्याच्या किंवा आपल्याच हद्दीत आहे असं मानायला पूर्ण वाव होता.

याहून बोलकी गोष्ट गच्चीवर दिसत होती. केबल घरात उतरते ती पूर्वेच्या बाजूने. माळेचं अधिक टोक पूर्वेलाच होतं, पण उणे टोक ११ मीटर पलीकडे, पश्चिमेला. ती उणे तार परत पूर्वेकडे आणायला इलेक्ट्रिशियनने खिंडीतूनच एक नळी टाकलेली होती, आधारांवर उचललेली, उन्हाला टिकणारी. तिच्यात एकच केबल, दुसरीला भरपूर जागा. जोड केबल मात्र तिच्यापासून वीतभर अंतरावर स्लॅबवर मोकळी पडलेली होती, कारण नळी टाकली तेव्हा ही केबल अजून विकत आणायची होती.

हद्द ‘पॅनेल’ आणि ‘वायरिंग’ अशी न आखता जोडांनुसार आखली असती तर हे घडलं नसतं: कारखान्यातला जोड कारखान्यातल्या जोडात खोचणं मालकाने करावं, जागेवर पिन दाबून बनवायचा प्रत्येक जोड इलेक्ट्रिशियनने. या घरी तसे जोड सहा, एक तासाचं काम.

दुरुस्ती

पॅनेलच्या तारेवरचे मूळ जोड कापायचे नाहीत, त्याने पॅनेलची वॉरंटी धोक्यात येते. म्हणून त्यांच्या अंगावर छापलेली बनावट वाचून त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे दोन भाग आणले आणि सहा मीटरची नवी केबल तयार केली, ४ चौरस मिलिमीटरची, सौर कामासाठीची दुहेरी आवरणाची. आवरण पत्रकात सांगितल्याइतकंच, सहा-सात मिलिमीटर, सोलायचं, एकही तंतू न तोडता. पिन त्या बनावटीला मान्य असलेल्या क्रिम्पिंग पक्कडीत दाबायची, ओढून पाहायची, डबीत खट् होईपर्यंत ढकलायची, पुन्हा ओढून पाहायची, आणि मागचा नट दोन पान्यांनी सांगितलेल्या टॉर्कला आवळायचा. हे इलेक्ट्रिशियनने केलं. केबल त्या तयार नळीतून नेली. उणे तार आणि जोड केबल शेजारी-शेजारी आल्याने खिंडीतल्या दोन तारांमधला मोकळा फेराही आवळला गेला. तो जितका मोठा, तितका जवळपास वीज पडल्यावर त्यात उसळणारा विद्युतदाब मोठा. दोन्ही जोड्या नळीच्या बाहेर, पॅनेलखाली रेलला टांगल्या, आणि केबल जोडात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ दिला, म्हणजे ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, जोडात शिरत नाही.

जाडी वाढवायची का, असा प्रश्न मालकाने विचारला होता. अधिक तार १८ मीटर, उणे २९, जोड केबल ६, एकूण ५३ मीटर. ४ चौरस मिलिमीटरच्या केबलचा रोध किलोमीटरला सुमारे ५.१ ओहम, म्हणजे इथे ०.२७ ओहम. १३ अँपिअरला साडेतीन व्होल्ट पडतात, २५० व्होल्टच्या माळेत १.४ टक्के. ६ चौरस मिलिमीटरने ते एका टक्क्याच्या खाली आलं असतं. नव्याने टाकताना जरूर विचार करावा, टाकलेली उपटून बदलण्याइतका फायदा नाही.

यानंतर मेगर चाचणी, म्हणजे मोठं व्होल्टेज देऊन तारा आणि जमीन यांच्यातला रोध मोजणं. आयईसी ६२४४६-१ प्रमाणे १२० ते ५०० व्होल्टच्या माळेला ५०० व्होल्टने तपासायचं आणि रोध किमान १ मेगाओहम भरला पाहिजे. कोरड्यात तो भरणारच होता, आधीही कोरड्या दुपारी भरला असता. म्हणून नळाच्या पाण्याने पॅनेलांची पाठ, जोड आणि नळी चिंब भिजवून पुन्हा मोजलं. ओल्यातही माप मर्यादेच्या कितीतरी वर राहिलं.

त्याच फेरीत आणखी दोन गोष्टी निघाल्या. पश्चिम गटाच्या सांगाड्याला अर्थिंगची तार होती, पण पॅनेलच्या चौकटी तिला विजेच्या दृष्टीने जोडलेल्याच नव्हत्या. अॅल्युमिनियमवरचा ॲनोडाइज्ड थर विजेला अडवतो, क्लॅम्प कितीही आवळला तरी. तो थर फोडणारे दातेरी वॉशर पूर्वेच्या चार पॅनेलांना लावले होते आणि पाकीट तिथेच संपलं होतं. आणि डीसी पेटीत नंतर जोडलेला एक ब्रेकर ध्रुवीय होता, त्यावर अधिक-उणेच्या खुणा होत्या, पण तारा उलट्या. असा ब्रेकर रोजच्या वापरात काही दाखवत नाही. भार असताना तो पाडायची वेळ येते तेव्हा आतली कमान विझवणारं चुंबक तिला उलट दिशेला ढकलतं आणि ब्रेकरच पेटतो. तो काढून दोन्ही दिशांना चालणारा बसवला.

पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला आता माळेचा नकाशा चिकटवलेला आहे: उणे टोकापासून पॅनेलं १ ते ६, प्रत्येकाचा अनुक्रमांक, दहाही जोड्यांच्या जागा, आणि बसवल्या दिवशीचं माळेचं व्होल्टेज. जोड रेलला ज्या नायलॉनच्या पट्ट्यांनी बांधले होते त्या बदलायच्या राहिल्या आहेत. उन्हात त्या दोन-तीन वर्षांत ठिसूळ होऊन तुटतात आणि जोड पुन्हा स्लॅबवर येतात. स्टेनलेसच्या २० क्लिपा लागतील.